जमीन देशाची, हरीण राज्याचं

'निवासी' आणि 'अनिवासी' या दोन शब्दांच्या संगतीत माझी उमेदीची काही वर्षं गेली. बँकेच्या नोकरीत मी परकीय चलन विभागात होतो, आणि तिथे या दोन शब्दांवाचून पान हलत नसे. वर्षातले १८२ दिवस माणसाने कुठे काढले यावर तो निवासी की अनिवासी हे ठरायचं, आणि एकदा अनिवासी ठरला की त्याची वट वाढायची. आखातातून सुट्टीवर आलेला खातेदार दारात दिसला की शाखाधिकारी स्वतः उठून पुढे येत, शिपायाला चहाला पिटाळत. त्याच वेळी पेन्शनसाठी आलेले निवासी आजोबा बाकावर टोकन सांभाळत बसलेले असत. अनिवासी माणूस डॉलर आणतो, तेव्हा त्याला मान जास्त, हे गणित आमच्या अंगवळणी पडलं होतं.

२०२३ च्या ऑक्टोबरात मी भाच्याकडे अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात गेलो, तेव्हा हेच दोन शब्द अगदी उलट्या अर्थाने समोर आले. भाच्याला थंडीचे बूट घ्यायचे होते, म्हणून आम्ही खेळाचं सामान विकणाऱ्या एका अवाढव्य दुकानात गेलो. मासे धरायच्या गळापासून बंदुकीपर्यंत सगळं तिथे मिळतं, आणि एका काउंटरवर शिकारीचे परवानेही मिळतात. आपल्याकडे एके काळी टपालकचेरीत रेडिओचा परवाना मिळायचा, तितक्याच सहजपणे. हरणाच्या शिकारीचा दर होता निवासी माणसाला ३४ डॉलर आणि अनिवासी माणसाला १८५ डॉलर. यातला अनिवासी म्हणजे कुणी परदेशी पाहुणा नव्हे बरं का! नदीपलीकडच्या विस्कॉन्सिन राज्यात राहणारा, त्याच देशाचा नागरिक असलेला माणूससुद्धा इथे अनिवासीच. त्याला साडेपाचपट दर.

"मामा, हे तर काहीच नाही," भाचा म्हणाला. "आमच्या शेजारच्या आजोबांना विचारा. ते मोंटानाला एल्क मारायला जायचे. तिथले दर ऐकाल तर चक्कर येईल."

हे शेजारी सत्तरी ओलांडलेले. आयुष्यभर विजेच्या जोडणीची कामं केली, आता निवृत्त. भाचा त्या गल्लीत राहायला आला त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी अंगणातला बर्फ काढून दिला होता, आणि नंतर कागदात गुंडाळलेलं एल्कचं मटण आणून दिलं होतं. एल्क हा आपल्या काश्मीरच्या हांगुलाच्या कुळातला, भारदस्त शिंगांचा प्राणी. मोठा नर तीनशे किलोंच्या घरात भरतो. भाचेसुनेने त्या मटणाला कांदा-खोबऱ्याचं वाटण लावलं आणि एक डबा उलट त्यांच्या घरी पाठवला. तेव्हापासूनचा हा घरोबा. शिकारीचं मांस तिकडे विकता येत नाही, कायद्याने बंदी आहे. घरच्या फ्रीजरमध्ये ठेवून वर्षभर खायचं, नाहीतर शेजारीपाजारी वाटायचं.

आजोबांशी दोन संध्याकाळी बोललो. दर शरदात ते आणि त्यांचे दोन मित्र गाडी काढून हजार मैल पश्चिमेला जायचे, तंबू ठोकायचे, आठ-दहा दिवस डोंगर तुडवायचे. निम्म्या वेळा रिकाम्या हाताने परत यायचे. आता मोंटानातला बाहेरच्या माणसासाठीचा एल्कचा परवाना हजार डॉलरांच्या पुढे गेला आहे. रुपयांत सांगायचं तर ऐंशी हजारांच्या वर. तिथल्या रहिवाशाला तोच प्राणी मूळ परवाने धरून चाळीस डॉलरांच्या आसपास पडतो. आजोबांनी जाणं सोडून दिलं होतं. त्यांचा एक मित्र वारला, दुसऱ्याचे गुडघे गेले, हे कारण होतंच. पण नातवाला एकदा घेऊन जायची त्यांची फार इच्छा होती आणि दोघांचा खर्च पेन्शनमध्ये बसत नव्हता. "ते डोंगर मॉन्टानाचे नाहीत, माझेही आहेत," असं ते दोनदा म्हणाले. त्यांच्या या वाक्यात नेमकं किती तथ्य आहे, हे शोधायची मला हुक्की आली, आणि पुढचे काही दिवस भाच्याच्या घराजवळच्या ग्रंथालयात गेले.

मुळात रानातलं जनावर कुणाचं? इंग्लंडात ते राजाचं किंवा जमीनदाराचं असे. सामान्य माणसाने हरीण मारलं तर त्याला कडक शिक्षा होई. अमेरिकेत वसाहत करणाऱ्यांना हे नको होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८४२ साली न्यू जर्सीमधल्या कालवांच्या एका खटल्यात, पाण्याखालची जमीन आणि तिथली मासेमारी ही जनतेच्या वतीने राज्याने सांभाळायची ठेव आहे, अशा अर्थाचा निकाल दिला. पुढे हाच विचार रानातल्या प्राण्यांना लागू झाला. खासगी शेतात उभं असलेलं हरीणसुद्धा शेतमालकाचं नसतं, जनतेचं असतं. विश्वस्त कोण, तर राज्य सरकार.

विश्वस्ताने मात्र फार काळ झोपा काढल्या. एकोणिसाव्या शतकात व्यापारी शिकाऱ्यांनी रान अक्षरशः धुऊन नेलं. कोट्यवधी रानगव्यांचे काही शेकडे उरले. आकाश झाकून टाकणाऱ्या प्रवासी कबुतरांच्या जातीतलं शेवटचं पाखरू सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १९१४ साली मेलं. तेव्हा कुठे डोळे उघडले. राज्याराज्यांनी शिकारीचे हंगाम ठरवले, संख्या ठरवली, परवाने काढले. गंमत म्हणजे हे सगळं करा असा धोशा लावणाऱ्यांत शिकारीच पुढे होते. १९३४ साली बदकांच्या शिकारीसाठी एक डॉलरचं खास तिकीट आलं. पहिल्या तिकिटाचं चित्र काढलं ते डार्लिंग नावाच्या व्यंगचित्रकाराने. आज त्या तिकिटाची किंमत २५ डॉलर आहे आणि त्यातला जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जमिनी राखण्यावर खर्च होतो.

१९३७ साली रूझवेल्ट यांच्या सहीने आणखी एक कायदा झाला. मांडणारे दोघे, पिटमन आणि रॉबर्टसन, म्हणून त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बंदुका आणि काडतुसांवर उत्पादन कर आहे, लांब नळीच्या बंदुकांवर ११ टक्के. तो पैसा केंद्राने राज्यांना वन्यजीवांसाठी द्यायचा. वाटणी करताना दोन गोष्टी बघायच्या, राज्याचं क्षेत्रफळ आणि परवानाधारक शिकाऱ्यांची संख्या. शिवाय अट अशी की, परवान्यांतून येणारी रक्कम राज्याने दुसऱ्या कशावरही खर्च करायची नाही. मी बँकेत असताना 'अमुक कारणासाठी राखीव' म्हणून ठेवलेले निधी दोन अर्थसंकल्पांत कुठल्या कुठे वळलेले पाहिले आहेत. त्यामुळे ही अट वाचून मी मनातल्या मनात त्या दोघांना नमस्कार केला.

या व्यवस्थेचं फळ दिसतं. १९०० च्या सुमारास देशभरात पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्या आसपास उरली असावीत, असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. एल्क लाखाहूनही कमी उरले होते, ते दहा लाखांच्या आसपास आले. शिकाऱ्याच्या पैशाने जनावर वाढलं, हे आपल्या मनाला पटायला जड जातं, पण हिशेब तसा आहे. अनेक राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा निम्म्याहून अधिक खर्च आजही शिकार आणि मासेमारीशी जोडलेल्या उत्पन्नावर चालतो.

आता आजोबांच्या वाक्याकडे येऊ. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पश्चिमेकडच्या राज्यांत जमिनीचा फार मोठा भाग केंद्र सरकारचा. आयडाहोत साठ टक्क्यांहून अधिक, वायोमिंगमध्ये जवळजवळ निम्मी. या जमिनींचा खर्च सगळ्या देशाच्या करांतून होतो. तेव्हा डोंगर मिनेसोटातल्या वीजतंत्र्याचाही आहे. पण त्या डोंगरावर चरणारा एल्क राज्याच्या ताब्यातला. आजोबांनी तिथे तंबू ठोकावा, शेकोटी करावी, एल्कचे फोटो काढावेत, कुणी दमडी मागणार नाही. बंदूक उचलली की मात्र ते अनिवासी! वायोमिंगमध्ये तर आणखी एक पाचर आहे. केंद्राने 'संपूर्ण निसर्गावस्थेत' राखलेल्या रानांत बाहेरच्या माणसाला हरीण, एल्क असं मोठं जनावर मारायला जायचं असेल, तर परवानाधारक वाटाड्या तरी बरोबर पाहिजे, नाहीतर तिथला रहिवासी तरी. तिथल्या रहिवाशाला अशी काही अट नाही.

हा प्रश्न न्यायालयात गेला नसता तरच नवल. मोंटानात १९७६ साली रहिवाशाला एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळत असे. बाहेरच्याला नुसता एल्कचा परवाना मिळतच नसे. त्याला एल्क, हरीण, अस्वल, पक्षी, मासे अशा सगळ्यांचा मिळून एकच परवाना घ्यावा लागे, २२५ डॉलरचा. म्हणजे पंचवीसपट. मोंटानातला एक वाटाड्या आणि मिनेसोटातले काही शिकारी यांनी या दराला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सहा विरुद्ध तीन अशा मतांनी राज्याच्या बाजूने कौल दिला. बहुमताचं म्हणणं थोडक्यात असं की, एल्कची शिकार ही करमणूक आहे, कुणाचं पोट त्यावर अवलंबून नाही. रानाची निगा राज्य करतं, तेव्हा बाहेरच्याकडून जास्त पैसे घेतले तर राज्यघटनेचा भंग होत नाही.

याच न्यायालयाने १९४८ साली नेमका उलटा निकाल दिलेला होता. साउथ कॅरोलायनात कोळंबी पकडणाऱ्या होडीला रहिवाशाकडून २५ डॉलर आणि बाहेरच्याकडून २,५०० डॉलर घेत. ते न्यायालयाने रद्द केलं, कारण तिथे प्रश्न पोटापाण्याचा होता. पोटासाठी आलेल्याला अडवू नका, हौसेसाठी आलेल्याकडून हवे तेवढे घ्या, असा हा भेद. कागदावर तो स्वच्छ दिसतो. पण वर्षभराचं मटण फ्रीजरमध्ये भरणाऱ्या वीजतंत्र्याची शिकार नक्की कुठल्या खात्यात टाकायची? मला तो भेद तितकासा स्वच्छ वाटला नाही.

पुढे अ‍ॅरिझोनाने बाहेरच्यांना काही परवान्यांपैकी फक्त दहा टक्केच द्यायचं ठरवलं, तेव्हा एका केंद्रीय अपील न्यायालयाने २००२ साली त्यावर हरकत घेतली. लगेच २००५ साली अमेरिकी संसदेने कायदा करून टाकला की, शिकार आणि मासेमारीत निवासी-अनिवासी असा भेद करायला राज्ये मोकळी आहेत. तेव्हापासून कायद्याचा दरवाजा जवळपास बंद आहे. उरला तो राजकारणाचा मामला, आणि तिथे बाहेरच्या माणसाला बाजूच नाही. दर ठरवतं राज्याचं विधिमंडळ. तिथले आमदार निवडून देतात तिथले रहिवासी. अनिवासी शिकारी पैसे देतो, मत देत नाही. असा करदाता कुठल्याही अर्थमंत्र्याला आवडणारच.

उदाहरणं बघा. आयडाहोने २०१७ पासून, दरवर्षी न चुकता परवाना घेणाऱ्या रहिवाशांना जुनाच दर कायम ठेवला. बाहेरच्यांसाठीचा एल्कचा टॅग मात्र पुढच्या तीनेक वर्षांत ४१६ डॉलरांवरून ६५१ डॉलरांवर गेला. कोलोराडोत बाहेरच्यांचा दर महागाईशी जोडलेला आहे, तो आपोआप चढतो. रहिवाशांचा दर २००५ नंतर थेट २०१८ च्या कायद्याने वाढला, तोही जेमतेम आठ डॉलरांनी. पेनसिल्वेनियाचा रहिवासी परवाना १९९९ साली २० डॉलरच्या आसपास ठरला, आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ तिथेच राहिला. मोंटानात २०१० साली चक्क जनमत घेऊन बाहेरच्यांचा एकत्रित परवाना ६२८ डॉलरांवरून ८९७ डॉलरांवर नेण्यात आला. मत देणारे अर्थातच मोंटानाचे.

रहिवाशांची बाजूही ऐकायला हवी. बर्फाळ हिवाळे ते काढतात. एल्कचे कळप गंजीवर पडून गवत फस्त करतात ते त्यांच्याच शेतातलं. रस्त्यात हरीण आडवं येऊन गाडी फुटते ती त्यांचीच. कित्येकजण कमी पगारात तिथे राहतात ते त्या रानापायी. त्यांना चार डॉलर कमी द्यावे लागले तर कुणाच्या पोटात दुखू नये. वेरूळची लेणी बघायला आपण ४० रुपये देतो आणि परदेशी पाहुणा ६००. पंधरापट! त्याचं आपल्याला कधी वाईट वाटलं आहे का?

इथे माझ्यातला जुना बँकवाला जागा झाला. दर 'वाढले, वाढले' असं जो तो म्हणतो, पण खरोखर वाढले का? मोंटानाचे १९७६ सालचे २२५ डॉलर महागाईच्या निर्देशांकाने गुणले, तर २०२३ साली त्यांचे सुमारे बाराशे होतात. म्हणजे आजचा हजारावरचा परवाना, रुपयाच्या भाषेत म्हणतात तसा, स्थिर किमतीला जवळपास तिथेच आहे. उलट पेनसिल्वेनियाच्या रहिवाशाचे १९९९ सालचे २० डॉलर त्याच हिशेबाने ३६-३७ व्हायला हवे होते. ते झाले नाहीत. म्हणजे बाहेरच्याला जे महाग वाटतं ते फारसं महाग झालेलं नाही, आणि घरच्याला जे जुनंच वाटतं ते प्रत्यक्षात स्वस्त होत गेलं. मधली तूट कुणीतरी भरायची असते, ती खात्याने कुठे माणसं कमी करून, कुठे बाहेरच्यांचे परवाने विकून भरली. दरम्यान कामं वाढत गेली. हरणांना होणारा, मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग १९६७ साली कोलोराडोत प्रथम दिसला, तो आता कितीतरी राज्यांत पसरला आहे. त्याची तपासणी, रानातल्या वणव्यांनंतरची निगा, ज्यांची शिकार कधीच होत नाही अशा बेडकांची आणि फुलपाखरांची राखण, हे सगळं त्याच तिजोरीतून.

आणि त्या तिजोरीचे खातेदार कमी होत आहेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला परवानाधारक शिकारी १ कोटी ७० लाखांच्या जवळपास होते. आता ते दीड कोटीच्या आसपास आहेत, आणि दरम्यान देशाची लोकसंख्या दहा कोटींनी वाढली. तरुण मुलं शहरात वाढली, शिकवणारे आजोबा थकले. बँकेत असताना एका शाखेत आम्ही हे दुष्टचक्र पाहिलं होतं. खातेदार घटले म्हणून सेवाशुल्क वाढवलं, शुल्क वाढलं म्हणून आणखी खातेदार गेले. इथेही तेच. शिवाय केंद्राचा पैसा परवानाधारकांच्या संख्येवर वाटला जातो, म्हणजे गळती दोन्हीकडून. लहान मुलांना आणि वृद्धांना बहुतेक राज्ये सवलत देतात, पण ती मुख्यतः आपापल्या रहिवाशांना.

तरीही नुसत्या दरवाढीवर माझा आक्षेप नाही. मला खटकली ती वायोमिंगची २०२४ पासूनची व्यवस्था. तिथे बाहेरच्यांना एल्कचा परवाना सोडतीने मिळतो. म्हाडाच्या घरांची निघते तशीच ही सोडत. अर्ज जास्त, परवाने कमी. यातले साठ टक्के परवाने नेहमीच्या दराने, सुमारे सातशे डॉलरांना. उरलेले चाळीस टक्के 'विशेष' दराने. ही विशेष सोय जुनीच, पण तिचा दर १,२६८ डॉलर होता, तो एका उडीत १,९५० डॉलर झाला. परवाना तोच, हंगाम तोच, रान तेच, एल्क तोच. जास्तीच्या पैशात मिळतं ते एवढंच की या रांगेत माणसं कमी, म्हणून नंबर लागायची शक्यता अधिक. आपल्याकडच्या मोठ्या देवस्थानांत सशुल्क दर्शनाची वेगळी रांग असते, ती ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. देव एकच असतो, फक्त घामाघूम होऊन उभं राहायचं कुणी ते पावतीवर ठरतं.

या रस्त्याचं पुढचं टोकही अमेरिकेत आहे. काही राज्ये दरवर्षी रानमेंढ्यासारख्या दुर्मीळ जनावराचा एखादा परवाना लिलावात काढतात. मोंटानाचा असा एक परवाना २०१३ साली ४ लाख ८० हजार डॉलरना गेला. तो पैसा मेंढ्यांच्याच संवर्धनाला लागला, हे खरं. एखाद्या श्रीमंताची हौस शंभर मेंढ्यांना जगवत असेल तर जगवो, असं म्हणता येईल. पण चाळीस टक्के रांग जेव्हा पैशावर लागते, तेव्हा लिलाव हा अपवाद राहत नाही. राजाच्या रानाला कंटाळून ज्यांनी जनावर जनतेच्या नावावर केलं, त्यांच्याच देशात ते हळूहळू पैसेवाल्यांच्या नावावर चाललं आहे. तेही कुठला कायदा न बदलता, फक्त दरपत्रक बदलून.

इथवर वाचून काही वाचक म्हणतील, शिकार बंदच करा ना, मग दराची कटकटच नको! आपण तेच केलं. आपल्याकडेही परवाने होते. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी आणि पक्ष्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला होता. १९७२ चा केंद्रीय कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकार परवान्याची वाटच बंद झाली. वाघ नामशेष व्हायच्या बेतात असताना दुसरा इलाज नव्हता, आणि आज ताडोबात वाघ दिसतो तो त्यामुळेच. पण बंदीने खर्च संपत नाही. तो दुसऱ्याच्या नावावर पडतो, एवढंच. विदर्भातल्या शेतकऱ्याला विचारा. रात्रभर मचाणावर बसून रानडुकरं आणि रोही हाकलणारा तो माणूस आपल्या सगळ्यांच्या वतीने रानाचं बिल भरत असतो. नुकसानभरपाई आहे, पण आधी पंचनामा, मग अर्ज, मग वाट बघणं. शिकारीवर ज्यांचं पोट होतं त्या फासेपारध्यांचं काय झालं, तेही आपल्याला ठाऊक आहे. संस्थानिकांच्या शिकारखान्यांची हॉटेलं झाली, पारध्यांचं पाल पालच राहिलं. तिकडे बिल शिकाऱ्याच्या नावावर फाटतं, आपल्याकडे शेतकऱ्याच्या. जनावर सगळ्यांचं, पण बिल मोजक्यांचं, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

यावर उपाय सुचवायला मी कुणी तज्ज्ञ नाही, पण तो शोधायलाही नको. अमेरिकेतच तो आहे. मिसूरी राज्यातल्या मतदारांनी १९७६ साली, म्हणजे मोंटानात २२५ डॉलरचा दर आला त्याच वर्षी, आपणहून मतदान करून विक्रीकरात एक अष्टमांश टक्क्याची भर घातली. शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेबारा सेंट. तो पैसा रान, मासे आणि प्राणी यांच्यासाठी. अर्कान्सासने १९९६ साली तेच केलं. मिनेसोटाने २००८ साली तीन अष्टमांश टक्का लावला. त्यातला एक तृतीयांश भाग प्राणी-पक्ष्यांच्या अधिवासाला जातो, बाकीचा स्वच्छ पाणी, उद्याने आणि कलांना. अख्ख्या देशासाठी असं काही करावं म्हणून राज्यांना वर्षाला सव्वा अब्जाहून अधिक डॉलर देणारं एक विधेयक जून २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने मंजूर केलं होतं. सेनेटमध्ये ते अडलं आणि त्या संसदेबरोबर संपलं.

मिनेसोटाच्या या कराबद्दल मी जेवताना सांगितलं, तेव्हा भाचा आणि भाचेसून दोघंही माझ्याकडे बघत राहिले. पंधरा वर्षं ते तिथे राहतात. सोफा घेतला, टीव्ही घेतला, प्रत्येक वेळी त्यांच्या पावतीतून चार पैसे त्या रानाला गेले होते, आणि त्यांना पत्ता नव्हता. दोघांनी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. "मग मामा, आजोबांच्या हरणात आमचाही वाटा आहे म्हणायचा," भाचेसून म्हणाली. आहेच. एल्क बघायला येणारा, फक्त 'तो तिथे आहे' या कल्पनेने सुखावणारा, डोंगरातून येणारं पाणी नळाला पिणारा, अशा सगळ्यांचा त्यात वाटा आहे, आणि म्हणून थोडा थोडा भारही आहे.

ज्या राज्यात हा भार असा पसरलेला असतो, तिथे दरपत्रकावर सगळी तिजोरी टांगलेली राहत नाही. बाहेरच्याकडून जास्त घ्यायला हरकत नाही. दुप्पट घ्या, पाचपट घ्या. घरच्यांनीही महागाईच्या मानाने आपला दर दर दोन-तीन वर्षांनी वाढवून घ्यावा, आमदाराला घाबरवू नये. पण परवाने कमी आणि मागणारे जास्त असतील, तेव्हा चिठ्ठ्या टाकून निवड व्हावी, आणि प्रत्येक चिठ्ठीचं वजन सारखं असावं. निवृत्त वीजतंत्र्याचा नातू आणि कारखानदाराचा नातू एकाच रांगेत उभे राहिले, तरच ते जनावर जनतेचं आहे, असं त्या दोन्ही मुलांना सांगता येईल.